मिरॅकल सुडोकूचे दोन अंक: एक का पुरत नाही, आणि दोन कुठे ठेवायचे

मे २०२० मध्ये ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी मिचेल ली यांनी रचलेला एक सुडोकू सोडवून दाखवला. ८१ घरांपैकी भरलेली घरं फक्त दोन: पाचव्या ओळीत तिसऱ्या रकान्यात १ आणि सहाव्या ओळीत सातव्या रकान्यात २. उरलेली ७९ घरं कोरी. तरीही उत्तर एकच निघतं, आणि तेही अंदाजपंचे न करता, साधारण पंचवीस मिनिटांच्या तर्काने. हे कोडं ‘मिरॅकल सुडोकू’ म्हणून जगभर पोचलं.

यात नेहमीचे तीन नियम आहेतच: प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या रकान्यात आणि ३×३ च्या चौकोनात १ ते ९ एकेकदा. त्यावर आणखी तीन. बुद्धिबळातल्या राजाच्या एका चालीवर असलेल्या घरांत तोच अंक नको. घोड्याच्या अडीच घरांवरही तोच अंक नको. आणि आडव्या किंवा उभ्या लगतच्या दोन घरांत लागोपाठचे अंक नकोत, म्हणजे ४ च्या शेजारी ३ किंवा ५ चालणार नाही. पुढे घराचा पत्ता (ओळ, रकाना) असा देऊ. ते १ म्हणजे (५,३), ते २ म्हणजे (६,७).

प्रश्न असा: या नियमांत सुरुवातीचे अंक कमीत कमी किती लागतात? दोनाचं कोडं समोर आहे, म्हणून उत्तर दोनापेक्षा जास्त नाही. पण एक अंक देऊन काम भागेल का? शून्य? आणि दोन अंक कुठेही ठेवले तर चालतात का? या प्रकरणाचं वैशिष्ट्य हे, की यातला बराचसा भाग कागद-पेन्सिलीने सिद्ध होतो. संगणक लागतो तो एकाच ठिकाणी.

आठाची भिंत

साध्या सुडोकूत किमान १७ अंक लागतात. हे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले गॅरी मॅग्वायर, बास्तियान टुगेमान आणि जिल सिव्हारियो यांनी २०१२ च्या सुरुवातीला दाखवलं. एकमेकांपासून खरोखर वेगळ्या अशा ५,४७,२७,३०,५३८ भरलेल्या जाळ्या आहेत. त्या सगळ्यांत १६ अंकांचं कोडं शोधलं आणि एकही सापडलं नाही. या कामाला संगणकाच्या एका गाभ्याच्या (कोअरच्या) हिशेबाने सुमारे ७१ लाख तास लागले. दोन्ही कर्णांवरही १ ते ९ हवेत अशा सुडोकूत १२ अंकांची कोडी माहीत आहेत. चौकोनांऐवजी वेडेवाकडे नऊ-नऊ घरांचे तुकडे असतील तर काही आकारांत ८ अंकही पुरतात.

आठाच्या खाली मात्र यातला कोणताच प्रकार जाऊ शकत नाही. कारण सोपं आहे. या सगळ्यांत अंक म्हणजे नुसती नावं आहेत. समजा, दिलेल्या अंकांत ६ आणि ८ एकदाही आले नाहीत. मग उत्तरातले सगळे ६ आणि सगळे ८ अदलाबदल करा; नियम मोडत नाही, दिलेले अंक बदलत नाहीत, पण उत्तर दुसरं. म्हणून नवापैकी निदान आठ वेगळे अंक सुरुवातीला दिसलेच पाहिजेत.

मिरॅकल सुडोकू ही भिंत ओलांडतो तो फक्त एका नियमाच्या जोरावर: लागोपाठचे अंक शेजारी नकोत. इथे अंकाला किंमत आली. ६ आणि ८ ची अदलाबदल केली की ६ शेजारचा २ आता ८ शेजारी येईल, ते चालेल; पण ६ शेजारचा ९ आता ८ शेजारी येईल, ते चालणार नाही. राजा आणि घोडा कितीही कडक वाटले तरी ते अंकांची नावं बदलायला आडकाठी करत नाहीत. त्यामुळे राजा-घोडा ठेवून लगतच्या अंकांचा नियम काढला, तर किमान संख्या दोनावरून एका उडीत आठ किंवा त्याहून वर जाते. नवा प्रकार रचणाऱ्याने सर्वांत आधी हे पाहावं: आपल्या नियमांत अंकाची किंमत मोजली जाते का? जात नसेल तर सात अंकांचं कोडं शोधण्यात संगणकाचा एक मिनिटही घालवू नये.

शून्य का नाही

सगळे सहा नियम जाळी फिरवली किंवा आरशात पाहिली तरी तसेच राहतात. चौरसाची अशी आठ रूपं असतात: चार फिरवण्या आणि चार प्रतिबिंबं. एका उत्तरापासून आठ उत्तरं मिळतात आणि ती आठही वेगळीच असतात. डावं-उजवं उलटून जाळी तशीच राहायची तर प्रत्येक ओळ उलट-सुलट सारखी वाचली गेली पाहिजे, आणि मग तिच्यात अंक दोनदा येतील. कर्णावर उलटून तशीच राहायची तर (१,२) आणि (२,१) सारखे हवेत, पण ती दोन्ही एकाच चौकोनात आहेत. अर्ध्या वळणात मधली ओळ तोच घोळ करते, आणि पाव वळण दोनदा दिलं की अर्धंच होतं.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. कोऱ्या जाळीला एकच उत्तर असणं अशक्य, म्हणून शून्य अंक बाद. आणि एकूण उत्तरांची संख्या आठाच्या पटीत असलीच पाहिजे. ही दुसरी गोष्ट फार कामाची. तुमच्या सममित नियमांच्या प्रकारात संगणकाने उत्तरांची संख्या ७० किंवा ७५ सांगितली, तर पुढे जाऊ नका; प्रोग्रॅममध्ये चूक आहे.

उत्तराची वीण

मूळ कोड्याचं उत्तर हे:

४८३ ७२६ १५९
७२६ १५९ ४८३
१५९ ४८३ ७२६
८३७ २६१ ५९४
२६१ ५९४ ८३७
५९४ ८३७ २६१
३७२ ६१५ ९४८
६१५ ९४८ ३७२
९४८ ३७२ ६१५

नीट पाहिलं तर नऊही ओळींत एकच माळ आहे, ४-८-३-७-२-६-१-५-९, फक्त वेगवेगळ्या मण्यापासून सुरू केलेली. उजवीकडे एक घर सरकलं की अंक ४ ने वाढतो; ९ च्या पुढे गेला तर पुन्हा १ पासून मोजायचा. शाळेत शिकवलेला नवाचा ताळा इथे तंतोतंत लागू पडतो: बेरीज करा, बेरजेतले अंक पुन्हा मिळवा, एकअंकी होईपर्यंत. खाली उतरताना अंक ३ ने वाढतो, पुन्हा ३ ने, मग चौकोनाची सीमा ओलांडताना ७ ने, आणि हाच क्रम पुढे चालू.

त्यामुळे सगळी जाळी दोन छोट्या यादींत बसते.

ओळींची यादी (१ ते ९): ०, ३, ६, ४, ७, १, ८, २, ५
रकान्यांची यादी (१ ते ९): ०, ४, ८, ३, ७, २, ६, १, ५

कोणत्याही घरातला अंक म्हणजे पहिल्या घरातला अंक + ओळीचा आकडा + रकान्याचा आकडा, आणि मग ताळा. (५,३) साठी ४+७+८=१९, १+९=१०, १+०=१. (६,७) साठी ४+१+६=११, म्हणजे २. दोन्ही दिलेले अंक बरोबर आले.

आता पहिल्या घरात ४ ऐवजी दुसरा कोणताही अंक घेतला तर? सगळी जाळी तेवढ्याच अंतराने सरकते. सरकलेल्या जाळीत ओळ, रकाना, चौकोन, राजा, घोडा हे सगळे नियम आपोआप टिकतात, कारण कोण कोणासारखा आहे ते बदललं नाही. शंका फक्त लगतच्या अंकांची. आडव्या शेजाऱ्यांत फरक ४ किंवा ५ च पडतो. उभ्या शेजाऱ्यांत ३ किंवा ६, आणि चौकोनाच्या सीमेवर २ किंवा ७. एकाचा फरक कुठेच पडू शकत नाही. म्हणून पहिल्या घरात १ ते ९ पैकी काहीही ठेवा, जाळी बरोबरच राहते. नऊ जाळ्यांचं हे एक कुटुंब झालं.

या कुटुंबाची आठ रूपं केली की आठ कुटुंबं, म्हणजे ९×८ = ७२ जाळ्या. ती सगळी वेगळी आहेत हेही दिसतं: चार कुटुंबांत आडवी पावलं सारखी पडतात, चारांत उभी, आणि त्या चारांतही चढती-उतरती दिशा वेगळी. संगणकाने या नियमांची सगळी उत्तरं मोजली की संख्या बरोबर ७२ च येते. वीण सापडली तेवढीच उत्तरं आहेत, त्यापलीकडे एकही नाही. संगणकाची गरज पडते ती या शेवटच्या वाक्यापुरती.

एक अंक दिला तर

कोणतंही घर घ्या, (१,१) घ्या किंवा (७,४). एका कुटुंबातल्या नऊ जाळ्यांत त्या घरात १ ते ९ हे नऊही अंक एकेकदा येतात, कारण प्रत्येक पुढची जाळी एका अंकाने सरकलेली आहे. म्हणजे त्या घरात ठरावीक अंक दिला की प्रत्येक कुटुंबातली बरोबर एक जाळी शिल्लक राहते. कुटुंबं आठ, म्हणून उरलेली उत्तरं आठ. घर कोणतंही असो, अंक कोणताही असो, आठच.

म्हणून एक अंक कधीच पुरत नाही आणि किमान संख्या दोन आहे. या सिद्धतेला ७२ ही यादी पूर्ण असण्याची गरजही नाही. या ७२ जाळ्या आहेत एवढं पुरे. आणखी असत्या तर एका अंकाची परिस्थिती आणखी वाईट झाली असती. खालची मर्यादा दाखवायला ‘सगळं’ तपासावं लागतं असा समज असतो. पुरेशी प्रतिस्पर्धी उत्तरं समोर ठेवता आली, तर तपासावं लागत नाही.

दुसरा अंक कुठे

पहिल्या अंकाने ७१ प्रतिस्पर्ध्यांपैकी ६४ उडवले, ७ राहिले. दुसऱ्या अंकाने हे सातही उडवायचे आहेत. प्रत्येक कुटुंबात दोन घरांमधला फरक (नवाच्या चक्रात मोजलेला) ठरलेला असतो, पहिल्या घरात काहीही असलं तरी. म्हणून प्रश्न इतकाच उरतो: दोन घरांमधले आठ कुटुंबांतले आठ फरक काढा, तुम्ही दिलेल्या दोन अंकांमधला फरक त्या आठांत बरोबर एकदा यायला हवा.

हे आठ फरक हाताने काढता येतात. घरं ‘अ’ आणि ‘ब’ धरा.

पहिला आकडा, प: रकान्यांच्या यादीत ‘ब’ च्या रकान्याचा आकडा वजा ‘अ’ च्या रकान्याचा.
दुसरा, फ: ओळींच्या यादीत ‘ब’ च्या ओळीचा आकडा वजा ‘अ’ च्या ओळीचा.
मग याद्या उलट वापरायच्या. त: रकान्यांच्या यादीत दोघांच्या ओळींचे क्रमांक लावून. थ: ओळींच्या यादीत दोघांच्या रकान्यांचे क्रमांक लावून.

आता प+फ, प−फ, त+थ, त−थ हे चार आकडे काढा. प्रत्येक अधिक आणि वजा दोन्ही चिन्हांनी येतो, म्हणून एकूण आठ. नवाच्या चक्रात अंतर ० ते ४ यांतच असतं (५ म्हणजे उलट्या बाजूने ४, ६ म्हणजे ३), त्यामुळे पाहायची ती फक्त चार अंतरं.

मूळ कोड्यावर लावू. अ = (५,३), ब = (६,७). प = ६−८ = −२. फ = १−७ = −६, म्हणजे चक्रात ३. त = २−७ = −५, म्हणजे ४. थ = ८−६ = २. मग प+फ = १; प−फ = −५, अंतर ४; त+थ = ६, अंतर ३; त−थ = २. चार अंतरं १, ४, ३, २. प्रत्येक एकदाच, एकही पुन्हा नाही, शून्यही नाही.

याचा अर्थ मोठा आहे. या दोन घरांत १ आणि २ च हवेत असं मुळीच नाही. कोणतेही दोन वेगळे अंक ठेवा, कोणत्याही क्रमाने, उत्तर एकच येणार. पहिल्या घराला ९ पर्याय, दुसऱ्याला ८, एकूण ७२ जोड्या. आणि जाळ्याही ७२. प्रत्येक जोडीला तिची जाळी. दोन्ही घरांत एकच अंक ठेवला तर मात्र एकही उत्तर नाही, जरी ही दोन घरं एकमेकांना कोणत्याच नियमाने थेट बांधलेली नाहीत. घरांच्या अशा जोडीला सोयीसाठी ‘पूर्ण जोडी’ म्हणू. तिची फिरवलेली आणि आरशातली रूपंही पूर्णच असतात.

सगळ्या जोड्या इतक्या गुणी नसतात. (१,१) आणि (२,३) घ्या. प = ८, म्हणजे −१; फ = ३; त = ४; थ = ६, म्हणजे −३. चार अंतरं: २, ४, १, २. तेव्हा (१,१) मध्ये १ आणि (२,३) मध्ये २ दिला तर उत्तर एकच. १ आणि ५ दिले तरी एकच. १ आणि ३ दिले तर दोन उत्तरं, कारण २ हे अंतर दोनदा आलं. आणि १ आणि ४ दिले तर एकही नाही, कारण ३ हे अंतर यादीतच नाही. घरं तीच, फक्त अंक बदलले आणि कोडं बिघडलं. अंकांची नावं बदलता येत नाहीत याचा हा रोकडा पुरावा.

जागा चुकली की नऊ अंकही कमी पडतात

दोन्ही अंक एकाच ओळीत असतील तर फ आणि त शून्य होतात. मग प+फ आणि प−फ सारखेच, त+थ आणि त−थ यांची अंतरंही सारखीच. प्रत्येक फरक निदान दोनदा येतो. म्हणून एका ओळीतले दोन अंक कधीच पुरत नाहीत, रकान्याचंही तसंच.

इतकंच नाही, अख्खी ओळ भरून दिली तरी भागत नाही. पहिली ओळ ४८३७२६१५९ पूर्ण द्या. दुसरी ओळ ७२६१५९४८३ येऊ शकते (प्रत्येक अंक ३ ने वाढवून), किंवा १५९४८३७२६ (प्रत्येक ३ ने कमी करून). दोन्हींपासून पूर्ण जाळी बनते. नऊ अंक देऊन निदान दोन उत्तरं, आणि नीट ठेवलेले दोन अंक देऊन एक. किमान संख्येच्या शोधात ‘किती’ इतकाच ‘कुठे’ महत्त्वाचा असतो, हे इतकं उघड दाखवणारं दुसरं उदाहरण सहज मिळत नाही.

मुख्य कर्णाचंही तेच. कर्णावरची नऊ घरं कर्णात उलटवल्यावर जागची हलत नाहीत, त्यामुळे ती सगळी भरली तरी प्रतिबिंब हे दुसरं उत्तर म्हणून शिल्लक राहतं. कर्णाच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेली घरं, उदाहरणार्थ (२,७) आणि (७,२), हीही जोडी म्हणून निकामी. कोडं रचताना अंक सुबक, सममित मांडायचा मोह होतो. या प्रकारात ती सुबकताच घात करते.

दुसरीकडे, दोन अंक पुरतात यामागचं कारणही मोजून दाखवता येतं. साध्या सुडोकूत दोन उत्तरं फक्त चार घरांत वेगळी असू शकतात: दोन ओळी, दोन रकाने, दोन अंक आणि त्यांची अदलाबदल. त्या चारांपैकी एक तरी घर दिलेलं असावंच लागतं, आणि असे लहान-लहान संच जाळीभर विखुरलेले असतात. म्हणून आकडा १७ वर अडतो. मिरॅकलच्या ७२ जाळ्यांत कोणत्याही दोन घ्या, जास्तीत जास्त १९ घरांत त्या जुळतात. म्हणजे किमान ६२ घरांत वेगळ्या. इतकी दूर-दूरची उत्तरं वेगळी ओळखायला फार थोड्या खुणा पुरतात.

प्रोग्रॅमचा भाग

७२ हा आकडा स्वतः पडताळायचा असेल तर लागणारा प्रोग्रॅम लहानच आहे. प्रत्येक घराला नऊ बिटांची शक्यतांची खूण, म्हणजे दर अंकासाठी एक ‘हो’ किंवा ‘नाही’. अंक ठेवला की दोन कामं: ज्या घरांत तोच अंक चालत नाही त्या घरांतून तो काढायचा, आणि चार लगतच्या घरांतून त्याच्या आधीचा आणि नंतरचा अंक काढायचा. मग सर्वांत कमी शक्यता उरलेलं घर निवडून पुढे.

‘तोच अंक नको’ ची यादी प्रत्येक घराला एकदाच बनवून ठेवावी. साध्या सुडोकूत ती २० घरांची असते. मधल्या (५,५) ला घोड्यामुळे ८ वाढून २८ होतात. (४,४) ला राजाची ३ आणि घोड्याची ६ अशी मिळून २९. कोपऱ्यातल्या (१,१) ला मात्र एकही वाढत नाही. त्याचा राजा आणि दोन्ही घोडे त्याच चौकोनात पडतात. ही तीन घरं तपासली तरी यादीतल्या बहुतेक चुका सापडतात. नेहमीची चूक म्हणजे घोड्याची उडी जाळीबाहेर जाऊन दुसऱ्या बाजूने आत येणं; घरांना ० ते ८० असा एकेरी क्रमांक दिला की हे हमखास होतं.

वेग वाढवायला एक छोटी भर: एखाद्या घरात ३ आणि ४ च उरले असतील तर त्याच्या शेजारच्या घरांतून ३ आणि ४ दोन्ही काढता येतात. ४ आणि ६ उरले असतील तर शेजारून ५ जातो. ३, ४, ५ उरले असतील तर ४ जातो.

सगळी उत्तरं मोजताना मधल्या घरात १ ते ९ असे नऊ तुकडे करून चालवा. प्रत्येक तुकड्यात ८ च यायला हवीत. शिवाय प्रत्येक अंक १० मधून वजा केला तरी नियम टिकतात, म्हणून १ ची आणि ९ ची संख्या सारखी, २ ची आणि ८ ची सारखी. हे ताळे जमले नाहीत तर एकूण आकड्यावर विश्वास ठेवू नका. आधी जास्तीचे नियम बंद करून ४×४ ची साधी जाळी मोजून पाहा. तिथे २८८ यायला हवेत.

एक चूक मात्र या सगळ्या ताळ्यांतून निसटते. ‘लागोपाठ’ तपासताना ९ आणि १ यांनाही चुकून शेजारी धरलं, तरी उत्तरं ७२ च येतात, कारण या जाळ्यांत ९ आणि १ लगत कधी येतच नाहीत. तोच प्रोग्रॅम मग दुसऱ्या प्रकाराला लावला की चुकीचं उत्तर देतो. त्यासाठी वेगळी चाचणी हवी: कोऱ्या जाळीत एक ९ ठेवा आणि शेजारच्या घरांत १ अजून शक्य आहे का ते पाहा.

कोडं एकमेव आहे का, एवढंच पाहताना दुसरं उत्तर सापडताच थांबायचं. पहिलं सापडताच थांबणारा सॉल्व्हर एकमेवतेबद्दल काहीच सांगत नाही. आणि भरलेल्या जाळीतून एकेक अंक पुसत जाऊन जिथे अडलं तो किमान आकडा, असं समजू नये. तिथे मिळतं ते असं कोडं, ज्यातला एकही अंक आता काढता येत नाही. दुसऱ्या क्रमाने पुसलं असतं तर आणखी खाली जाता आलं असतं का, हे त्यातून कळत नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या ओळीबाहेरचं सगळं आधी पुसायला निघालात तर कुठेतरी अडणारच, कारण ती ओळ एकटी कधीच पुरत नाही.

यादी मोठी असेल तर

बहुतेक प्रकारांत उत्तरं ७२ नसतात, लाखो-कोटी असतात. तेव्हाही विचार तोच, फक्त उलटीकडून. एक भरलेली जाळी घ्या. तिच्यापासून थोड्याच घरांत वेगळी असलेली दुसरी उत्तरं शोधा. प्रत्येक अशा उत्तरासाठी वेगळ्या घरांचा संच लिहा. दिलेल्या अंकांनी प्रत्येक संचातलं निदान एक घर गाठलंच पाहिजे. सगळे संच गाठणारी सर्वांत लहान निवड शोधायची. एकमेकांत न मिसळणारे दहा संच सापडले तर दहापेक्षा कमी अंक चालणारच नाहीत, हे तिथल्या तिथे सिद्ध. डब्लिनच्या गटाने १६ अंकांचा शोध याच पद्धतीने केला. जाळी-दर-जाळी हे करावं लागतं, म्हणून आधी सममिती वापरून जाळ्यांची संख्या कमी करणं अत्यावश्यक. इथे एक धोका: साध्या सुडोकूची सममिती आपल्या प्रकाराला तशीच लावू नये. साध्या सुडोकूत एकाच पट्ट्यातल्या (चौकोनांच्या एकाच आडव्या रांगेतल्या) दोन ओळींची अदलाबदल चालते. राजा-घोड्याच्या नियमांत ती चालत नाही.

७२ पैकी कोणतं कोडं

उत्तर एकच असणं आणि कोडं माणसाला सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. (५,३) आणि (६,७) मध्ये ७२ पैकी कोणतीही जोडी चालते, पण सोडवण्याची वाट सगळ्यांची सारखी नसते. १ आणि ९ यांना लगतचा अंक एकेकच, बाकीच्यांना दोन. म्हणून ५ दिला तर शेजारच्या चार घरांतून ४ आणि ६ दोन्ही जातात. १ दिला तर फक्त २ जातो. मूळ कोड्यात (५,३) चा १ पहिल्याच फटक्यात २८ घरांतून १ काढतो, (६,७) चा २ आणखी २९ घरांतून २ काढतो आणि शेजारून १ व ३ हाकलतो. हे दोन अंक लागोपाठचे असल्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला लगेच उपयोगी पडते: जिथे २ बसतो त्या घराच्या चारही बाजूंनी १ ला बंदी. उरलेल्या ७१ जोड्यांत अशी साखळी कोणत्या जोडीत लवकर जुळते, हे सूत्र सांगत नाही. ते प्रत्येक कोडं कागदावर घेऊन, खोडरबर हाताशी ठेवून, सोडवूनच पाहावं लागतं.